पहाटेचा गारठा, दुपारचं ऊन आणि चामड्याचं जॅकेट: घेण्याआधी काय काय बघायचं

डिसेंबर लागला की परभणीत चहाच्या टपरीवर पहिला विषय पाऱ्याचा. कृषी विद्यापीठात नोंदवलेलं किमान तापमान दुसऱ्या दिवशी पेपरात येतं आणि ते ६-७ अंशांवर उतरलं की गावानं मॅच जिंकल्यासारखं लोक एकमेकांना सांगतात. त्याच दुपारी पारा २७-२८ वर असतो आणि हीच मंडळी स्वेटर कमरेला बांधून फिरत असतात. येळवशीला (वेळा अमावास्येला) शेतात गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. घरून निघताना कानटोपी, आंबिल पिताना अंगात नुसता शर्ट.

चामड्याचं जॅकेट घेताना माणूस नेमकं हेच विसरतो. काचेआड टांगलेलं जॅकेट बघतो, आरशात कॉलर वर करतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. मीही तेच केलं होतं. शाळेला जायला माझं रोजचं ३१ किलोमीटरचं अप-डाउन, सकाळची शाळा असली की सहाला गाडीला किक. एका मंगल कार्यालयात सेल लागला होता, तिथून १,८०० रुपयांना ‘प्युअर लेदर’ची चिठ्ठी लावलेलं जॅकेट आणलं. दोन उन्हाळे कपाटात काढल्यावर कॉलरचे पोपडे निघायला लागले. पाचवीतल्या एका पोरानं भर वर्गात विचारलं, “सर, तुमच्या मानेला काय झालंय?” शर्टाच्या कॉलरवर काळे कपचे चिकटले होते. त्यानंतर शिकलो ते इथे लिहितो.

आधी थंडी ओळखा, मग दुकान

आपल्या थंडीचे दोन भाग आहेत. एक पहाटेपासून साडेआठ-नऊपर्यंतचा आणि दुसरा रात्री दहानंतरचा. मधल्या वेळात जॅकेट हातात धरून फिरावं लागतं. म्हणून प्रश्न ‘किती थंडी असते’ हा नाही; ‘त्या दोन-तीन तासांत मी कुठे असतो’ हा आहे.

गाडीवर असाल तर वाऱ्याचा हिशोब करा. हवा १० अंश असेल आणि तुम्ही ताशी ५० किलोमीटरने चालला असाल, तर उघड्या कातडीला ती साधारण ५ अंशांसारखी लागते. जिंतूर रोडला दोन्ही बाजूंनी भिजवलेला हरभरा असला की वारा आणखी बोचतो. इथे चामड्याला तोड नाही, कारण चामडं वारा अडवतं.

पण ते एवढंच करतं, हे नीट लक्षात घ्या. ऊब येते ती अडकून राहिलेल्या हवेतून. घोंगडी आठवा: जाड, उबदार, पण गाडीवर पांघरून बसलात तर वारा आरपार. चामड्याचं याच्या उलट आहे. वाऱ्याला भिंत, पण स्वतःची ऊब जेमतेम. एकाचं काम दुसऱ्याला लावलं की पैसे वाया गेले.

आणि गावातल्या गावात, ऑटोनं किंवा पायी, ऑफिस-बाजार एवढंच असेल तर स्पष्ट सांगतो, उबेसाठी तुम्हाला चामड्याचं जॅकेट लागत नाही. हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला तिबेटी लोक दुकानं मांडतात, तिथून एक बरा स्वेटर घ्या. हौस म्हणून घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, हौसेला मोल नसतं.

कुणाचं कातडं

दुकानात ‘शीप लेदर’ आणि ‘शीपस्किन’ हे दोन शब्द एकाच श्वासात येतात आणि तिथेच घोळ होतो. एक असतं लोकर काढून कमावलेलं मेंढीचं चामडं, त्याला नाप्पा म्हणतात. ते मऊ, पातळ, साधारण ०.६ ते ०.९ मिलिमीटरचं. दुसरं लोकरीसकट कमावलेलं, बाहेर कातडं आणि आत लोकर, त्याला शिअरलिंग म्हणतात. पहिल्यात ऊब अस्तरावर अवलंबून, दुसऱ्यात ऊब अंगचीच. विचारताना सरळ विचारा, “लोकर कातड्यातूनच आलीय का, की वेगळी लावलीय?”

नाप्पा अंगावर पहिल्याच दिवशी बसतं आणि वजनाला हलकं असतं. पण खिळ्याला, तारेच्या कुंपणाला अडकलं की फाटतं. शेतावर जाणं-येणं असलेल्यानं हे ध्यानात ठेवावं. शेळीचं चामडं त्याहून चिवट आणि तरीही हलकं, वर बारीक दाणेदार. मोटारसायकलवाल्यांना माझी पसंती शेळीला. (उस्मानाबादी शेळीच्या मटणाचं कौतुक आपण उठता-बसता करतो, तिचं कातडं पुढे कुठे जातं याची चौकशी कुणी करत नाही.) गायी-म्हशीचं चामडं १ मिलिमीटरच्या वर, जड, सुरुवातीला ताठ. वर्षभर वापरल्यावर ते तुमच्या अंगाचं होतं, पण नऊनंतर ऊन चढतं तिथे ते हातात वागवायचं म्हणजे शिक्षाच.

कोल्हापुरी चपलेवरून चामड्याचा अंदाज बांधू नका. तिचं कातडं बाभळीची साल, हिरडा असल्या झाडपाल्यात कमावतात, म्हणून ते घट्ट आणि कडक. जॅकेटाचं मऊ चामडं बहुतेक क्रोमच्या क्षारांत कमावलेलं असतं. जात एकच, संस्कार वेगळे.

किमतीचा साधा हिशोब

एका जॅकेटाला साधारण ३० ते ४० चौरस फूट चामडं लागतं. एका मेंढीच्या कातड्यातून ५-६ चौरस फूट निघतं. म्हणजे तुमच्या अंगावर सहा-सात मेंढ्यांचं कातडं असतं. चामड्याचा भाव चौरस फुटावर होतो. फुटाला शंभर रुपये धरले तरी ३-४ हजार नुसत्या चामड्याचे झाले. त्यावर अस्तर, चेन, शिलाई, दुकानाचं भाडं. मग १,८०० रुपयांत ‘प्युअर लेदर’ कसं बसलं, हा प्रश्न मला त्या मंगल कार्यालयात पडायला हवा होता. गणित शिकवतो मी, तरीही.

लेबलावरचे शब्दही वाचून घ्या. ‘फुल ग्रेन’ म्हणजे कातड्याचा वरचा थर जसाच्या तसा. ‘करेक्टेड ग्रेन’ म्हणजे वरून घासून, डाग झाकून, नवा दाणा (कातड्यावरची बारीक नक्षी) उठवलेला. तेही वाईट नाही. ‘स्प्लिट’ म्हणजे खालचा थर, ताकदीला कमी. ‘बाँडेड’ म्हणजे चामड्याचा भुगा चिकटवून केलेला पत्रा, त्याच्या वाटेला जाऊ नका. ‘पीयू लेदर’, ‘व्हीगन लेदर’, ‘फोम लेदर’ ही सगळी रेक्झिनचीच भावंडं. रेक्झिन म्हणून घेतलंत तर हरकत नाही, पाऊस-चिखलाला ते बरंही पडतं. पण त्याला आयुष्य थोडं, आणि आपला ४२-४३ अंशांचा उन्हाळा व त्यामागचा दमट पावसाळा त्याच्या थरांना लवकर सोडवतो. नुसतं ‘जेन्युइन लेदर’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की आत कुठलं तरी चामडं आहे. कुठल्या थराचं, ते विचारावंच लागतं.

दुकानात: लायटर, थेंब आणि उलटी बाजू

मागच्या वर्षी भाचा यूपीएससीच्या क्लाससाठी दिल्लीला निघाला. त्याला घेऊन संभाजीनगरला पैठण गेटच्या बाजूला गेलो. दुकानदारानं जॅकेट काउंटरवर टाकलं आणि खिशातून लायटर काढला. “सर, बघा, ओरिजिनल आहे का नाही!” ज्योत बाहीवरून झर्रकन फिरवली, काही झालं नाही. भाचा खूश. “मामा, घेऊन टाकू ना?”

त्याला म्हटलं, थांब. वरून पटकन फिरवलेल्या ज्योतीनं रेक्झिनही लगेच पेटत नाही. ही परीक्षा म्हणजे हातचलाखी आहे आणि खऱ्या चामड्यावर केली तरी त्याचं नुकसानच. दुकानदाराला विनंती केली, खिशाच्या आत किंवा बाहीच्या टोकाशी शिवणीची उघडी कड दाखवा. तो जरा नाखूश झाला, पण बाही उलटी केली. अस्तराखाली कड दिसली: वर काळा चकचकीत पापुद्रा, त्याखाली पांढरं विणलेलं कापड. एवढंच बघायचं होतं. खऱ्या चामड्याची कड कापडासारखी विणलेली नसते. तिथे बारीक, गुंतलेले तंतू दिसतात आणि उलटी बाजू हाताला मखमलीसारखी लागते.

बाकीच्या परीक्षा याला जोड म्हणून करा. बोटानं दाबा: खऱ्या चामड्यावर बोटाभोवती बारीक सुरकुत्यांचं जाळं उमटतं आणि विरतं. दाणा बघा: सगळीकडे एकसारखा, छापल्यासारखा असेल तर छापलेलाच आहे, जनावराच्या अंगावर कुठे बारीक, कुठे मोठा, कुठे जुनी खरचट असतेच. पाण्याचा थेंब आतल्या कडेवर टाका, उघड्या चामड्यात तो हळूहळू मुरतो. पण वरून पॉलिश केलेल्या खऱ्या चामड्यावरही थेंब तसाच राहतो, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नका. वासावर तर अजिबात विसंबू नका, वासाच्या फवाऱ्या मिळतात.

सहा-सात कातड्यांचा मेळ कसा घातलाय, तेही दिवसाच्या उजेडात बघा. दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली सगळं एकजीव दिसतं. दोन्ही छातीचे पट्टे, दोन्ही बाह्या, रंग आणि दाणा सारखा हवा. पोताचं चांगलं चामडं पाठीवर आणि छातीवर, ढिलं चामडं काखेखाली, ही कारागिराची अक्कल.

माप: आरशासमोर नाही, हँडलवर

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे, म्हणून जरा सावकाश वाचा.

जॅकेट घालून आधी सरळ उभे राहा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाला यायला हवी. ती दंडावर लोंबत असेल तर जॅकेट मोठं आहे आणि ते कोणीही नीट दुरुस्त करून देत नाही. आता आतून एक पातळ स्वेटर चढवा. हिवाळ्यातल्या खरेदीला जाताना तो घालूनच जा. चेन गळ्यापर्यंत लावा. गळ्यात दोन बोटं जायला हवीत आणि श्वास भरून घेतला तरी छातीवर आडव्या रेघा ताणल्या जायला नकोत.

मग दोन्ही हात पुढे करून हँडल धरल्यासारखे ठेवा. दुकानाबाहेर आपली गाडी असेल तर खुशाल तिच्यावर जाऊन बसा, कुणी हसलं तर हसू द्या. तीन गोष्टी बघायच्या. मनगट झाकलेलं राहतं का? हात पुढे गेले की बाही दोन-तीन बोटं वर सरकते, म्हणून उभं असताना ती तळहाताच्या सुरुवातीपर्यंत यायला हवी. पाठीत आवळतं का? आणि वाकल्यावर कमरेची मागची बाजू उघडी पडते का? तिथून घुसलेला वारा सगळं जॅकेट फुगवतो.

“थोडं मोठंच घ्या, आतून घालायला बरं” हा सल्ला घरची मोठी माणसं प्रेमानं देतात. तो शाळेच्या गणवेशाला ठीक, जॅकेटाला नाही. ढगळ जॅकेट भात्यासारखं चालतं: हात हलवला की आतली ऊबदार हवा बाहेर, गार हवा आत. कमरेला पट्टी किंवा इलास्टिक, बाहीला चेन किंवा बटण हवंच.

उलट, “वापरून सैल होईल” हेही अर्धसत्य आहे. चामडं कोपराला आणि पाठीला थोडं सैलावतं, लांबी मात्र वाढत नाही. आणि चामड्याला सुईनं पाडलेलं भोक बुजत नाही. कापड उसवून सैल करता येतं, चामडं उसवलं की जुन्या टाक्यांची रांग तशीच दिसत राहते. म्हणून आवळून घेणं शक्य असतं, सैल करणं जवळजवळ नाही. शिवणीत इंचाला साधारण ८ ते १० टाके असावेत. फार दाट टाके म्हणजे मजबुती वाटते, पण टपाल तिकिटासारखी फाटायची जागा तयार होते.

गाडीवाल्यांसाठी एक सांगून ठेवतो. बाजारातलं फॅशनचं नाप्पा जॅकेट वारा अडवेल, पण पडल्यावर घासण्यापासून फार वाचवणार नाही. रोज हायवेला असाल तर खांदा-कोपराला ईएन १६२१ या युरोपीय मानकाचे पॅड असलेलं रायडिंग जॅकेटच बघा, ते चामड्याचं असो वा जाड कापडाचं.

अस्तर आणि चेन

मराठवाड्यासाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे चेननं सुटं होणारं अस्तर. सकाळी लावा, परतताना काढून डिकीत टाका. रजईसारखं टाचलेलं अस्तर हवा धरून ठेवतं. नुसतं गुळगुळीत सॅटिन दिसायला छान, पण सहा वाजता अंगात घालताना बर्फाची लादी. बाह्यांत मात्र गुळगुळीत अस्तरच हवं, नाहीतर स्वेटरची बाही वर गोळा होते.

चेन दहा वेळा वर-खाली करा, कॉलरजवळ आणि कमरेजवळ अडते का बघा. चेनच्या मागे चामड्याची पट्टी नसेल तर वारा दात्यांमधून येतो आणि छातीवर सरळ रेघ मारल्यासारखं गार लागतं. खिशात हात घालून बघा, आत पातळ सॅटिन असेल तर बोटं काकडतात.

दिल्लीला किंवा त्याहून लांब निघालेल्यांसाठी

सचखंड एक्सप्रेसनं दरवर्षी आपली कितीतरी पोरं दिल्लीला उतरतात, राजिंदर नगर नाहीतर मुखर्जी नगरला खोली घेतात आणि पहिल्या जानेवारीत घरी फोन करतात. तिथली थंडी वेगळी. रात्री ४ ते ७ अंश हे नेहमीचं आणि धुकं बसलं की दिवसाही पारा १६ च्या वर जात नाही. दुपारचं ऊन वाचवायला येत नाही.

मग शिअरलिंग घ्यावं का? ते काय करतं बघा. कातड्यावरची लोकर हवा अडकवते, कातडं वारा अडवतं. घोंगडी आणि चामडं एकाच कपड्यात. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषून घेते, तरी ओली लागत नाही, म्हणून घाम आला तरी अंग चिकचिकत नाही. शहरासाठी १० ते १५ मिलिमीटर लोकर पुरते. ओळखायची खूण: बोटांनी लोकर दुभंगा आणि मुळाशी बघा. लोकर कातड्यातून उगवलेली दिसली तर खरं. खाली विणलेली जाळी दिसली तर ते लोकरीसारखं पॉलिएस्टर आहे.

पण वजन अडीच ते चार किलो. मेट्रोत, अभ्यासिकेत, लायब्ररीत ते काढून मांडीवर घेऊन बसायचं. भाच्याला मी शिअरलिंग घेऊ दिलं नाही. रजई-अस्तराचं शेळीच्या चामड्याचं जॅकेट, कॉलरला सुटी होणारी लोकर, आतून थर्मल, गळ्यात मफलर. त्याची जानेवारी त्यात निघाली. (दिल्लीतच घ्यायचं तर पहाडगंज आणि जाफराबादला ढिगानं जॅकेटं आहेत, पण तिथे लायटरवालेही ढिगानं आहेत.)

युरोप-कॅनडाला एम.एस.ला निघालेल्यांची गोष्ट वेगळी. कोरड्या, शून्याखालच्या थंडीत शिअरलिंगसारखं दुसरं नाही. जिथे पावसाळी, चिखलगाऱ्याचा हिवाळा असतो आणि रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथे मात्र बाहेरून मखमली असलेलं शिअरलिंग महिन्याभरात डागाळतं. बाहेरची बाजू पॉलिश केलेली असेल तरच घ्या, आणि विमानात बॅगेत न भरता अंगावर घालून जा. २३ किलोच्या बॅगेत चार किलो म्हणजे चटण्या-लोणची घरीच राहिली समजा.

मनासारखं माप हवं असेल तर मुंबईला गेल्यावर धारावीत एक चक्कर टाका. लिंक रोडच्या बाजूला चामड्याची दुकानं आहेत, काही ठिकाणी माप घेऊन शिवून देतात. ऑनलाइन घेणार असाल तर दोन प्रश्न विचाराच: चामड्याच्या उलट्या बाजूचा फोटो आणि जॅकेटाचं वजन ग्रॅममध्ये. उत्तर टाळलं की विषय संपला. भाव करायचा तर फेब्रुवारी अखेर गाठा, माल वर्षभर अडकण्यापेक्षा दुकानदार उतरतो.

मार्च ते नोव्हेंबर

आपल्याकडे जॅकेट तीन महिने अंगावर आणि नऊ महिने कपाटात असतं. ते मरतं ते कपाटातच.

फेब्रुवारीत ठेवण्याआधी ओलसर फडक्यानं पुसा, कॉलर आणि बाह्यांची टोकं नीट, कारण तिथे घामाचं मीठ असतं. सावलीत वाळवा. लेदर कंडिशनर कापसानं अगदी पातळ लावा. खोबरेल तेल नको, सरकीचं नको, बुटाचं पॉलिश तर मुळीच नको. मग रुंद, लाकडी खांद्याच्या हँगरवर टांगा आणि वर जुन्या धोतराचं नाहीतर सुती साडीचं आवरण घाला. दुकानातली प्लास्टिकची पिशवी फेकून द्या, तीत ओल कोंडते. पत्र्याच्या खोलीतलं लोखंडी कपाट मे महिन्यात भट्टी होतं, तिथे ठेवू नका. घरातल्या सगळ्यात गार भिंतीला, पण बाहेरच्या ओल्या भिंतीला नाही. लोकर असेल तर कडुलिंबाचा वाळलेला पाला फडक्यात बांधून जवळ टांगा, डांबरगोळ्या चामड्याला चिकटू देऊ नका.

श्रावणात एकदा बाहेर काढून पंख्याखाली दोन तास ठेवा. पांढरी बुरशी दिसली तर घरात झटकू नका, अंगणात नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा. मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडकं त्यात भिजवून घट्ट पिळा आणि हलक्या हातानं फिरवा, आधी आतल्या एखाद्या कोपऱ्यावर करून बघा. आणि भिजलंच कधी, तर शेकोटीजवळ किंवा उन्हात नाही. हँगरवर, सावलीत, खिशात वर्तमानपत्राचे बोळे घालून. घाई केली की ते पापडासारखं कडक होतं.

चेन मात्र कधीतरी जाणारच. ती बदलायला कपड्याच्या टेलरकडे न नेता, बॅगा आणि गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडे न्या, आणि त्याला सांगा की नवे टाके जुन्याच भोकांतून घ्यायचे. माझी त्यानं अर्ध्या तासात बदलून दिली, वर कॉलर बघून म्हणाला, “सर, हे खरं दिसतंय. मागचं ते कुठलं होतं हो?”